पोर असे का वागते?

बाजाराचा दिवस आहे. एसटी स्टँडवर गर्दी आहे. त्या गर्दीत पाच-सहा वर्षांचे एक पोर एकाएकी जमिनीवर अंग टाकते. किंचाळते. स्वतःचाच हात चावते. आई ओशाळते आणि त्याला ओढू लागते. बघणारे बोलतात, "लाडावलंय. दोन ठेवून द्या, म्हणजे सरळ होईल."

असे आपणही कधी बोललो असू. पण दर वेळी ते लाड नसतात. काही मुलांच्या मेंदूची घडण जन्मापासूनच निराळी असते. या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. डॉक्टर तिला ऑटिझम म्हणतात. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची हकीकत लिहिली. पुढे बरीच वर्षे चांगले शिकलेले लोकसुद्धा म्हणत, की आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. किती आयांनी तो बोल सोसला असेल! ती समजूत खोटी ठरली आहे. ही बाहेरची बाधा नाही. लस टोचल्यानेही असे होत नाही. तशी आवई १९९८ साली एका लेखामुळे उठली होती. तो लेख ज्या साप्ताहिकात आला, त्यानेच २०१० साली तो रद्द केला.

यांतली काही मुले चांगली बोलतात. काही एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणतात. काहींना बोलताच येत नाही. रोजचा क्रम मोडला की ती बावरतात. आणि त्यांचे कान, डोळे, कातडी आपल्यासारखी नसतात. कुकरची शिट्टी आपण ऐकून विसरतो. अशा एखाद्या मुलाला ती कानात सळई घातल्यासारखी वाटते. सदऱ्याच्या कॉलरची पट्टी त्याला दिवसभर टोचते. ते त्याला सांगता येत नाही. मग ते ओरडते, चावते, डोके आपटते. ते त्याचे सांगणेच असते.

पण काय सांगते, हे कसे ओळखायचे? यासाठी एक वही आणि पेन्सिल पुरते.

अशी एक आई धरून चालू. ती रात्रीच्या वर्गात नुकतीच लिहायला शिकली आहे. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला बोलता येत नाही. वहीच्या पानावर तिने तीन रकाने पाडले. आधी काय घडले? पोराने काय केले? मग आम्ही काय केले? ऱ्हस्व-दीर्घ चुकले, तरी तिने रोज लिहिले.

"सोमवार. गिरणी चालू. कान धरले, चावला. घरी आणले."
"बुधवार. भाकरी मोडून दिली. ताट फेकले. अख्खी भाकरी दिली."
"शुक्रवार. गिरणी. डोके आपटले. घरी आणले."

पंधरा दिवसांनी सासू म्हणाली, "अगं, माराशिवाय पोर सुधरत नाही."

"आत्याबाई, मारलं की ते जास्तच किंचाळतं. हे बघा, लिहिलंय."

सासूला वाचता येत नव्हते. सुनेने मोठ्याने वाचून दाखवले. सासू म्हणाली, "म्हणजे गिरणीचंच दुखणं आहे की! दळण मी नेते."

आता तिसरा रकाना पाहा. "घरी आणले." पोराने काय शिकले? चावले की आवाजातून सुटका होते. दुसरा उपाय त्याला ठाऊकच नव्हता. तो उपाय शिकवायचा. आईने त्याला तळहात पुढे करायला शिकवले. त्याचा अर्थ 'पुरे'. हे तो शांत असताना, खेळता खेळता शिकवावे लागते. त्याने हात पुढे केला की सुरुवातीला लगेच ऐकावे. नाही ऐकले, तर त्याला वाटेल, चावणेच बरे. लोक म्हणतील, हे पोराच्या कलाने घेणे झाले. चष्मा लावणाऱ्याला कोणी लाडावलेला म्हणतो का?

एकदा वहीतून काहीच उलगडेना. पोर सारा दिवस गालावर बुक्क्या मारी. जेवेना. दवाखान्यात नेल्यावर कळले, दाढ किडली होती. म्हणून वागणे एकाएकी बदलले, तर आधी डॉक्टरला दाखवावे. कान, दात, पोट तपासून घ्यावे. अशा काही मुलांना फिटही येते.

आणि प्रत्यक्ष किंचाळणे चालू असेल तेव्हा? तेव्हा उपदेश करू नये. त्याला तो ऐकूच येत नाही. बघ्यांना बाजूला करावे. विळी, दगड दूर सारावेत. डोके आपटत असेल तर खाली घोंगडी सारावी. आपण कमी बोलावे, जवळ थांबावे. जिवाला धोका नसेल तर आवळून धरू नये.

सरकारी दाखल्याचेही पाहावे. २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता अपंगत्व म्हणून धरली आहे. दाखल्यात ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असेल, तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळची शाळा की खास शाळा, हे निवडताही येते. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. अंगणवाडीच्या ताईंनाही विचारावे.

आपल्या त्या आईकडे परत येऊ. एके दिवशी सासू परगावी गेली होती. पीठ संपले होते. आई पोराला घेऊनच निघाली. गिरणीचा पट्टा फिरत होता. दारापासून दहा पावलांवर पोर थबकले. त्याने एक हात कानावर ठेवला. दुसरा हात आईपुढे धरला.

आई तशीच माघारी फिरली. दळण डोक्यावर तसेच होते. त्या रात्री घरात खिचडी झाली. वहीत तिने लिहिले, "गिरणी. हात पुढे केला. घरी आलो."