मुलगी कॉलेजात, खर्च वडिलांचा. आयकरात सूट किती?

यवतमाळ : फेब्रुवारीचा पगार म्हटले की नोकरदारांच्या पोटात गोळा येतो. वर्षभराच्या आयकराची उरलेली वसुली याच महिन्यात होते. म्हणूनच दारव्ह्यापासून वणीपर्यंतच्या शाळा-कार्यालयांत सध्या एलआयसीच्या पावत्यांसोबत मुलांच्या कॉलेज फीच्या पावत्याही शोधल्या जात आहेत. मुलगी २० वर्षांची, कमावत नाही, सगळा खर्च वडिलांवर. मग ती अवलंबित म्हणून करात काही सूट मिळते का?

थेट उत्तर : नुसत्या अवलंबित असण्याची सूट भारतात नाही. अमेरिकेत पूर्णवेळ शिकणारे २४ वर्षांखालील मूल पालकांच्या विवरणपत्रात अवलंबित म्हणून दाखवता येते. तिकडचे व्हिडिओ पाहून इकडे गोंधळ होतो. आपल्याकडे सवलत मुलामागे नव्हे, खर्चामागे आहे.

पहिली सवलत कलम ८० सी ची. भारतातील शाळा-महाविद्यालयात पूर्णवेळ शिकणाऱ्या दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी यात धरली जाते. वयाची अट नाही. मात्र विकास शुल्क, देणगी, वसतिगृह, मेस, बसभाडे, खासगी क्लास यांपैकी काहीच चालत नाही. शिवाय दीड लाखाची मर्यादा भविष्य निर्वाह निधी आणि एलआयसीसह मिळून आहे. अनेक शिक्षकांची ही मर्यादा पीएफमध्येच संपते. तेथे फीच्या पावतीने एक रुपयाही वाचत नाही.

खरी मेख नव्या करप्रणालीत आहे. तिच्यात ८० सी नाही आणि शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची ८० ई वजावटही नाही. पण दर कमी आहेत. समजा, जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा वार्षिक पगार साडेअकरा लाख आहे. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतची करमाफी धरता कर शून्य. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट, व्यवसाय कर, ८० सी चे पूर्ण दीड लाख आणि ६० हजारांचे कर्जव्याज वजा केले तरी उपकरासह ९३ हजार ६०० रुपये कर येतो. अशा घरात पावत्यांची फाइल करण्यात अर्थ नाही. पगार १५ लाख असेल तर जुनी प्रणाली परवडायला एकूण वजावटी सहा लाखांच्या घरात हव्यात. गृहकर्ज आणि शैक्षणिक कर्ज दोन्ही असलेल्यांनी मात्र आकडेमोड करून पाहावी. कार्यालयात नवी प्रणाली कळवली असली तरी पगारदाराला मुदतीत विवरणपत्र भरताना जुनी निवडता येते.

कर्ज कोणाच्या नावावर?

८० ई मध्ये रकमेची मर्यादा नाही. वजावट फक्त व्याजाची, मुद्दलाची नाही. कर्ज बँकेचे वा मान्यताप्राप्त संस्थेचे हवे, काका-मामांकडून घेतलेले चालत नाही. कर्ज केवळ मुलीच्या नावावर असेल, तर हप्ते वडिलांनी भरूनही वजावट त्यांना मिळत नाही. सहकर्जदार म्हणून त्यांचे नाव असेल आणि व्याज त्यांच्याच खात्यातून जात असेल, तर दावा करता येतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ही वजावट आठ वर्षांची असते आणि व्याज भरायला सुरुवात केली त्या वर्षापासून घड्याळ सुरू होते. शिक्षण चालू असतानाच थोडे-थोडे व्याज भरले, तर ती वर्षेही मोजली जातात. अर्थात, केवळ करासाठी व्याज साचू देणे शहाणपणाचे नाही. साचलेले व्याज शेवटी मुद्दलात मिसळते.

मुलाचे १८ पूर्ण झाले की त्याचे उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. वडिलांनी दिलेल्या पैशावर मुलीला कर नाही. त्या पैशाच्या ठेवीवरचे व्याज मात्र तिचे उत्पन्न. शिष्यवृत्ती करमुक्त आहे. पार्टटाइम कामातून टीडीएस कापला गेला असेल, तर तिच्या पॅनवर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

शेतकरी घरांचे काय?

कापूस-सोयाबीनचे उत्पन्न आयकरमुक्त. जिथे करच नाही तिथे वजावट कशातून करणार? या घरांसाठी महाडीबीटीवरचा अर्ज जास्त मोलाचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून १०० टक्के सवलत आहे. तहसीलमधील उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवावा लागतो. कॉलेजने आधी घेतलेली फी नंतर परत मिळाली, तर ती ८० सी त दाखवता येत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असून ८० सी ची जागा कलम १२३ घेईल. आता कापला जाणारा कर २०२५-२६ चा असल्याने सध्याच्या कागदांवर जुनेच क्रमांक लिहायचे आहेत.