मुंबई ते लंडन : तिकिटावरची वेळ आणि खरा प्रवास

मुलाकडे लंडनला निघालो, तेव्हा तिकीट पाहून सौ.ना म्हटले, "दुपारी २ ला सुटून संध्याकाळी ७ ला उतरणार. पाचच तास!" जन्मभर बँकेत व्याजाचे दिवस मोजले, पण इथे चुकलो. तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा असतात. लंडनचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे ५ अधिक साडेचार, साडेनऊ तास. सौ.ची साखरेची गोळी तोवर मोठ्या बॅगेबरोबर विमानाच्या पोटात गेली होती. तो प्रवास कसा झाला, ते आम्हालाच ठाऊक.

हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. येताना तेवढेच, पण वेळ बहुधा थोडा कमी लागतो, कारण उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात. येताना मात्र घड्याळाचा फरक वजा करायचा.

सांबरा ते मुंबई विमानाने जेमतेम ४०० किलोमीटर. त्यापेक्षा कणकुंबीहून सांबरा गाठण्याचीच काळजी जास्त; पावसाळ्यात जांबोटीच्या रस्त्यावर झाड आडवे पडले तर काय करणार? आदल्या दिवशीच बेळगावात मुक्कामाला जावे. गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवावी, आणि गोळ्यांच्या वेळा निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात.