पेडणे-डिचोलीचा एक आठवडा

आमच्या संस्थेच्या सभासदांपैकी पुष्कळ कुटुंबे वर्षातून एकदा कुलदेवतेच्या दर्शनास गोव्यात येतात. अभिषेक होतो, प्रसाद घेतला जातो आणि रात्रीच्या गाडीने सारी मंडळी परततात. मुलांना देऊळ दिसते, गाव दिसत नाही. “आपला देव या गावी कसा आला?” असे मुलाने विचारले, तर आपल्यापैकी कितीजण उत्तर देऊ शकतील? म्हणून सात दिवसांची ही योजना वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश व सासष्टी येथील देवळे मोडली. भाविकांनी कित्येक देव नदीपार नेऊन वाचविले. पेडणे व डिचोली हे महाल पोर्तुगीजांच्या हाती गेले ते पुढे, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे ध्यानात ठेवून फिरले म्हणजे वाटेतील प्रत्येक स्थळाचा अर्थ लागतो.

प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पेडण्यास कोकण रेल्वेचे स्थानक आहे; मोपाच्या सड्यावरील विमानतळही २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला आहे. रोज बिऱ्हाड हलवू नये. तीन रात्री पेडण्यास व उरलेल्या डिचोलीस काढाव्यात.

पहिल्या दिवशी पेडण्याच्या भगवतीचे दर्शन घ्यावे. तेथील दोन भव्य हत्ती मुलांना फार आवडतील. दुसऱ्या दिवशी हरमलला समुद्राशेजारचे गोड्या पाण्याचे तळे पाहून केरीस जावे व फेरीबोटीने तेरेखोलचा किल्ला गाठावा. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी येथेच तिरंगा फडकविला. तिसरा दिवस शापोरा नदीकाठच्या हळर्ण किल्ल्यासाठी ठेवावा. तो जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पोर्तुगालच्या राजाने याच गावाच्या नावाची पदवी दिली होती.

चौथ्या दिवशी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशावरून डिचोलीस यावे आणि संध्याकाळ मयेच्या तळ्याकाठी घालवावी. पाचवा दिवस नार्व्याचा. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपार येऊन येथे स्थिरावला. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करविला. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर नार्व्यास मिळते. सहाव्या दिवशी हरवळ्याचा धबधबा, जांभ्या दगडात कोरलेली लेणी व साखळीचे विठ्ठल मंदिर पाहावे. पाऊस संपून फार दिवस झाले नसतील, तर धबधब्याची शोभा अधिक.

आता सातवा दिवस. तो आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी आपल्या मूळ गावी जावे, एखाद्या आजींच्या ओसरीवर बसावे आणि जुन्या गोष्टी ऐकाव्यात. घराण्याची माहिती मुलांकडून वहीत लिहून घ्यावी. अनेक देवळे दुपारी बंद असतात. तो वेळ अशा भेटींसाठीच आहे असे समजावे.

डिचोलीचे कित्येक डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले आणि मोपाचा सडाही पालटला. स्थळे पुढेही राहतील. पण ती ओळखून सांगणारी वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. तेव्हा पुढच्या दर्शनास येताना परतीचे तिकीट सात दिवसांनंतरचे काढावे, एवढीच आमची विनंती.