राजकन्येला राज्य का नाही?

आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता... ही सुरुवात आपण लहानपणी ऐकली आणि आता मुलांना सांगतो. गोष्टीच्या शेवटी राजा त्या शूर तरुणाला काय देतो? अर्धं राज्य आणि राजकन्या! राज्य जशी द्यायची वस्तू, तशीच मुलगीही. त्या राज्यावर तिचाही हक्क असेल, हे राजाच्या मनात येत नाही आणि खरं सांगायचं तर ऐकताना आपल्याही येत नाही.

गोष्टीतलं राहू द्या. युरोपच्या उत्तर टोकाला डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे हे तीन शेजारी देश आहेत आणि तिघांकडेही आज खरोखरीची राजघराणी आहेत. कारभार अर्थात लोकांनी निवडून दिलेलं सरकारच पाहतं. राजाने पार्लमेंटच्या अधिवेशनाच्या सुरुवातीला हजर राहायचं, परदेशी पाहुण्यांचं आगतस्वागत करायचं, देशाच्या सुखदुःखात लोकांसमोर उभं राहायचं. सत्ता नाही, पण मान मोठा. आणि गादी म्हटली की वारस आलाच. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा असेल, तर मानाचा पाट कुणाचा? या तीन घरांनी या प्रश्नाला तीन तऱ्हांनी उत्तर दिलं.

आधी डेन्मार्क. राजे नववे फ्रेडरिक १९४७ साली गादीवर आले. त्यांना तिन्ही मुलीच. थोरली मार्गरेटे, मग बेनेडिक्टे आणि धाकटी अ‍ॅन-मरी. तेव्हाच्या कायद्याने मुलींना गादीच नव्हती, म्हणून वारस ठरले राजांचे धाकटे बंधू क्नुड. शेवटी १९५३ साली जनतेचं मत घेऊन नवी राज्यघटना आली आणि तेरा वर्षांची मार्गरेटे वारस झाली. पण एक मेख होतीच. भाऊ असेल तर पहिला मान त्याचा, तो धाकटा असला तरी! मार्गरेटेला भाऊ झाला नाही, म्हणून तिला राज्य मिळालं.

१९७२ मध्ये वडील गेले आणि एकतिसाव्या वर्षी ती राणी झाली. पुढे तिने बरोबर बावन्न वर्षं राज्य केलं. पतीची राणी म्हणून नव्हे, स्वतःच्या हक्काने. शिवाय चित्रं काढली, पुस्तकं सजवली, रंगभूमीसाठी वेशभूषा केल्या. १४ जानेवारी २०२४ रोजी तिने आपण होऊन मुलाला गादी दिली. मुलीच्या हाती राज्य दिल्याने काही बिघडलं, असं म्हणायला तिने जागा ठेवली नाही. २००९ साली डेनिश लोकांनी पुन्हा मतदान करून भावाची ती अटही काढून टाकली. त्यामुळे २००७ साली जन्मलेल्या राजकन्या इसाबेलाच्या पुढे २०११ साली झालेल्या तिच्या धाकट्या भावाचा, व्हिन्सेंटचा, नंबर लागला नाही.

आता स्वीडन. राजे कार्ल गुस्ताफ यांची थोरली मुलगी व्हिक्टोरिया १९७७ ची. १९७९ च्या मे महिन्यात तिला भाऊ झाला, कार्ल फिलिप, आणि जन्मतःच तो युवराज ठरला. पण कायदा बदलायचं काम तिथे आधीच चाललं होतं. १ जानेवारी १९८० पासून नवा नियम लागू झाला : मुलगा असो वा मुलगी, जे आधी जन्मलं त्याची गादी. तोही मागच्यांसकट! साडेसात महिन्यांच्या बाळाचं युवराजपद गेलं आणि अडीच वर्षांची ताई युवराज्ञी झाली. युरोपातल्या राजघराण्यांत असं पाऊल टाकणारा स्वीडन पहिलाच.

मुलाला मिळालेलं काढून घेतलं, हे राजांच्या मनाला लागलं. कायदा मागच्यांना लावणं बरं नव्हे, असं ते पुढे कित्येक वर्षांनीही बोलून दाखवत. बापाचं मन आहे, समजू शकतं. पण व्हिक्टोरियाच्या बाजूने पाहा. जन्मलेल्या दिवशी जे तिचं असायला हवं होतं, तेच तिला परत मिळालं. आज तिचीही थोरली मुलगी एस्टेल ही धाकट्या ऑस्करच्या पुढे आहे आणि त्यासाठी कुणाला भांडावं लागलं नाही.

राहिला नॉर्वे. राजे हराल्ड यांची मुलगी मार्था लुईसे १९७१ ची, मुलगा हॉकून १९७३ चा. नॉर्वेनेही १९९० साली नियम बदलला, पण तो पुढे जन्मणाऱ्यांसाठी. आधी जन्मलेल्यांत मुलाचाच मान राहिला. तोवर थोरल्या बहिणीला गादीवर काहीच हक्क नव्हता. आता मिळाला, तो धाकट्या भावाच्या मागे. त्याच हॉकूनची मुलगी इन्ग्रिड अलेक्झांड्रा २००४ साली जन्मली. दुसऱ्याच वर्षी तिला भाऊ झाला, तरी तिचा नंबर कुणी हलवला नाही. एकाच घरात आत्याला एक कायदा आणि भाचीला दुसरा!

कुणी म्हणेल, सत्ताच नाही त्या गादीचं कसलं एवढं कौतुक? पण भगिनींनो, घरातला मान नेहमी पैशाअडक्यातच मोजला जातो का? ‘मुलींनाही हक्क दिला’ हे ऐकायला छान वाटतं. तेवढ्यावर टाळ्या वाजवू नयेत. पुढचा प्रश्न विचारावा : कुठल्या मुलींना? आज घरात असलेल्या, की अजून जन्मायच्या असलेल्या?

तेव्हा पुढच्या खेपेला गोष्ट सांगताना घरातल्या चिमुरडीने विचारलं, “आई, राजकन्येला राज्य का नाही?” तर तिला व्हिक्टोरियाची गोष्ट जरूर सांगा. आणि ती थोडी मोठी झाली, की मार्था लुईसेचीही सांगा. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.