विश्लेषण : मलेरियापासून वाचवणारे उत्परिवर्तनच सिकलसेलचे कारण कसे ठरले?

डीएनएमधील एका अक्षराच्या बदलामुळे सिकलसेल हा वेदनादायी आजार होतो. याच बदलाने हजारो वर्षे असंख्य मुलांना मलेरियापासून वाचवलेही आहे. हा बदल नेमका काय, तो पिढ्यान्‌पिढ्या का टिकला आणि 'एएस' लिहिलेले कार्ड हाती आलेल्या तरुण-तरुणींनी काय समजून घ्यावे, याचा आढावा…

विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात शाळा, आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्रांत सिकलसेलची तपासणी होते. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि अहवालावर 'एए', 'एएस' किंवा 'एसएस' असे लिहून येते. बहुतेकांचे 'एए' येते आणि विषय तिथेच संपतो. 'एएस' आले की मात्र घरात कुजबुज सुरू होते. मुलगी आजारी आहे का, तिचे लग्न कसे होणार, पाहुण्यांना सांगायचे की नाही? काही घरांत कार्ड कपाटात लपवले जाते, तर काही ठिकाणी चांगले स्थळ मोडते. या भीतीचे मूळ गैरसमजात आहे, आणि तो दूर करायचा तर गोष्ट जनुकापासून सुरू करावी लागते.

एका अक्षराची चूक म्हणजे काय?

माणसाच्या जनुकसंचाच्या एका प्रतीत डीएनएची साधारण ३०० कोटी अक्षरे असतात. ही अक्षरे चारच प्रकारची आहेत : ए, टी, जी आणि सी. जनुक म्हणजे या लांबलचक मजकुरातला एक परिच्छेद. एखादे प्रथिन कसे बनवायचे, याची कृती त्यात लिहिलेली असते. पेशी विभागताना हा सगळा मजकूर नव्याने उतरवला जातो आणि उतरवताना क्वचित एखादे अक्षर चुकते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. ही काही दुर्मीळ घटना नाही. प्रत्येक नवजात बाळात आई-वडिलांकडे नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. त्यातल्या बहुतेकांचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही.

सिकलसेलमध्ये चूक ११ व्या गुणसूत्रावरील 'एचबीबी' या जनुकात असते. रक्ताला लाल रंग देणाऱ्या आणि ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनचा एक भाग या जनुकानुसार बनतो. तिथे 'जीएजी' ऐवजी 'जीटीजी' होते, म्हणजे 'ए'च्या जागी 'टी' येतो. त्यामुळे १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसते. बदल एवढाच.

एवढ्याशा बदलाने आजार कसा होतो?

व्हॅलिन पाण्यापासून दूर पळणारे आहे. लाल पेशीने ऑक्सिजन सोडला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनला चिकटते, ते पुढच्याला, आणि पेशीच्या आत ताठ दोऱ्या तयार होतात. एरवी मऊ आणि गोल असणारी पेशी मग विळ्यासारखी वाकते. 'सिकल' म्हणजे विळा, त्यावरूनच हे नाव पडले. अशा पेशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. हाडे, छाती, पोट यांत उठणाऱ्या या कळा काही तास ते काही दिवस टिकतात. निरोगी लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते, म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी राहते. पुढे प्लीहा निकामी होणे, वारंवार जंतुसंसर्ग, पक्षाघात असे धोकेही असतात.

जन्मल्यानंतरचे पहिले काही महिने बाळाला काही होत नाही, कारण तेव्हा त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले वेगळे हिमोग्लोबिन असते. ते ओसरू लागले की हातापायांना सूज येणे हे अनेकदा पहिले लक्षण दिसते. उपचारांची नवी वाट याच गर्भ-हिमोग्लोबिनने दाखवली, त्याविषयी पुढे.

हा शोध कसा लागला?

शिकागोतील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तातील विळ्यासारख्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिनच वेगळे असल्याचे दाखवले आणि या आजाराला 'रेणवीय आजार' म्हटले. एखाद्या आजाराचे मूळ थेट एका रेणूपर्यंत नेण्याचे हे पहिले उदाहरण. नेमके कोणते अमिनो आम्ल बदलले, हे व्हर्नन इन्ग्रम यांनी १९५० च्या दशकात शोधले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये सिकलसेलची नोंद झाली. त्यानंतर मध्य भारतातही तो मोठ्या प्रमाणावर असल्याचे दिसून आले.

मलेरियाचा संबंध काय?

शास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. सिकलसेलचे रुग्ण पूर्वी बहुधा लहानपणीच दगावत. त्यांना मुले होत नसतील, तर हे जनुक काही पिढ्यांत नाहीसे व्हायला हवे होते. तरीही आफ्रिकेच्या काही भागांत पाचपैकी एका व्यक्तीत किंवा त्याहूनही अधिक जणांत ते आढळत होते.

केनियात वाढलेले डॉक्टर अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये याचे उत्तर मांडले. जिथे मलेरिया जास्त, तिथेच हे जनुक जास्त होते. ज्यांना हे जनुक आई किंवा वडील अशा एकाकडूनच मिळालेले असते, त्या 'एएस' मुलांना फॅल्सिपेरम जातीच्या तीव्र मलेरियापासून मोठे संरक्षण मिळते. परजीवी शिरलेली पेशी त्यांच्या शरीरात लवकर वाकते, प्लीहा ती गाळून बाहेर काढते आणि परजीवीची वाढही नीट होत नाही. नंतरच्या अभ्यासांत तीव्र मलेरियाचा धोका अशा मुलांमध्ये साधारण ९० टक्क्यांपर्यंत कमी आढळला.

मलेरियाच्या प्रदेशातले पूर्वीचे एखादे गाव डोळ्यांपुढे आणले, तर हिशेब स्पष्ट होतो. 'एए' मुलांपैकी काही मलेरियाने जात, 'एसएस' मुले सिकलसेलने जात आणि 'एएस' मुले मोठी होऊन संसाराला लागत. त्यांच्यामार्फत हे जनुक पुढच्या पिढीत पोहोचे. पण ते सर्वांमध्ये पसरलेही नाही. कारण वाहक वाढले की दोन वाहकांची लग्ने वाढतात आणि 'एसएस' मुलेही वाढतात. फायदा आणि तोटा यांचा तोल जिथे साधतो, तिथे जनुकाचे प्रमाण स्थिरावते. माणसातील नैसर्गिक निवडीचे हे सर्वात स्पष्ट उदाहरण मानले जाते.

मलेरिया होता म्हणून शरीराने हे उत्परिवर्तन 'घडवून आणले' का?

नाही. अक्षराची चूक योगायोगाने झाली. मलेरियाने ती घडवली नाही, फक्त टिकवली. मलेरिया नसलेल्या प्रदेशात अशी चूक झाली असती, तर ती हळूहळू विरून गेली असती. म्हणजे उत्परिवर्तन मुळात चांगले किंवा वाईट नसते, ते कुठे आणि कोणत्या काळात आले यावर त्याची किंमत ठरते. मलेरियावर औषधे आली, फवारणी आली, मृत्यू घटले. त्या संरक्षणाची गरज कमी झाली, पण वेदना राहिल्या.

सिकलसेल एखाद्या जातीचा किंवा जमातीचा 'दोष' का नाही, हेही यातूनच कळते. तो मलेरियाच्या भूगोलाचा इतिहास आहे. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा परिसर आणि मध्य भारतातला जंगलपट्टा या नकाशात येतो. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती आणि नंदुरबार या जिल्ह्यांत तो विशेष आढळतो. आदिवासींबरोबरच विदर्भातील इतर समाजांतही त्याचे रुग्ण आहेत. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार, देशातील अनुसूचित जमातींमध्ये साधारण ८६ जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो.

'एएस' आणि 'एसएस' यांत फरक काय?

प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक प्रत चांगली आणि एक बदललेली असेल, तर ती व्यक्ती 'एएस' म्हणजे वाहक. तिला सहसा कोणताही त्रास होत नाही, औषध लागत नाही. शेती, नोकरी, शिक्षण, बाळंतपण सारे काही इतरांसारखेच. दोन्ही प्रती बदललेल्या असतील, तर ती व्यक्ती 'एसएस' म्हणजे रुग्ण. हा आजार स्पर्शाने, एकत्र जेवल्याने किंवा रक्त घेतल्याने लागत नाही. वाहकाचा पुढे कधी रुग्ण होत नाही.

लग्नाआधी तपासणी का?

प्रश्न येतो तो दोन वाहक एकत्र आल्यावर. गणित असे आहे :

• दोघेही 'एए' : सर्व मुले 'एए'.

• एक 'एए', दुसरा 'एएस' : प्रत्येक मुलाबाबत 'एए' किंवा 'एएस' असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. 'एसएस' नाही.

• दोघेही 'एएस' : प्रत्येक गर्भारपणात 'एए' २५ टक्के, 'एएस' ५० टक्के, 'एसएस' २५ टक्के.

• एक 'एए', दुसरा 'एसएस' : सर्व मुले 'एएस'.

• एक 'एएस', दुसरा 'एसएस' : 'एएस' ५० टक्के, 'एसएस' ५० टक्के.

यातील २५ टक्क्यांचा अर्थ अनेकदा चुकीचा घेतला जातो. पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन निरोगीच होतील, असे नाही. प्रत्येक गर्भारपणात नाणे नव्याने उडवले जाते. पहिली दोन मुले निरोगी असली, तरी तिसऱ्या वेळी धोका तेवढाच असतो.

दुसरी चूक म्हणजे फक्त मुलीची तपासणी करणे. आजार दोघांकडून येतो, त्यामुळे एकाचे कार्ड पाहून काहीच ठरत नाही. 'एएस' मुलीने 'एए' मुलाशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांना सिकलसेल आजार होत नाही. तिचे स्थळ नाकारण्याला विज्ञानाचा कोणताही आधार नाही. मात्र जोडीदार थॅलेसेमियाचा वाहक असेल, तर मुलांना सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. म्हणून प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीवर न थांबता एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची चाचणी करून घ्यावी. लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक असतील, तर गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी दिवस राहिल्यावर लवकरात लवकर डॉक्टरांना भेटणे गरजेचे असते. पुढचा निर्णय समुपदेशनानंतर त्या जोडप्यानेच घ्यायचा असतो.

आजारी व्यक्तीसाठी उपाय काय?

भरपूर पाणी पिणे, अति थंडी, अति ऊन आणि अति श्रम टाळणे, लसी वेळेवर घेणे आणि ताप आल्यास अंगावर न काढणे, ही पहिली पायरी. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिल्या जातात. 'हायड्रॉक्सियुरिया' हे औषध गर्भ-हिमोग्लोबिन वाढवते आणि कळांचे प्रमाण कमी करते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. जुळणारा दाता, शक्यतो भाऊ किंवा बहीण मिळाल्यास अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. निकषांत बसणाऱ्या रुग्णांना दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते.

जनुक दुरुस्त करता येते का?

जगात काही लोकांमध्ये आणखी एक उत्परिवर्तन असते. त्यांचे गर्भ-हिमोग्लोबिन मोठेपणीही बनत राहते. अशा व्यक्तीला सिकलसेल असला, तरी त्रास खूप कमी होतो. शास्त्रज्ञांनी हाच धागा पकडला. रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर या 'जनुकीय कात्री'ने गर्भ-हिमोग्लोबिन रोखणारे 'बीसीएल११ए' हे बटण रक्तपेशींपुरते निष्प्रभ करायचे आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. 'कॅसजेव्ही' नावाच्या या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर आहे, म्हणजे रुपयांत १८ कोटींहून अधिक. शिवाय आधी कठोर केमोथेरपी घ्यावी लागते. भारतात सीएसआयआरची दिल्लीतील आयजीआयबी ही संस्था कमी खर्चाचा देशी क्रिस्पर उपचार विकसित करत आहे. गावातल्या रुग्णापर्यंत तो पोहोचेपर्यंत तपासणी आणि साधी औषधे हाच खरा आधार आहे.

२०४७ पर्यंत 'उच्चाटन' म्हणजे काय?

राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन मोहिमेची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट आहे. याचा अर्थ हे जनुक नाहीसे होईल असा नाही. वाहक तेव्हाही असतील आणि त्यांनी असण्यात काही गैरही नाही. आजारी बाळांचा जन्म कमी व्हावा आणि जन्मलेल्या प्रत्येक रुग्णाला वेळेत उपचार मिळावेत, हा मोहिमेचा हेतू आहे.

हे घडायचे तर कार्ड कपाटातून बाहेर यायला हवे. 'एएस' या दोन अक्षरांत फक्त एक माहिती असते : या व्यक्तीच्या पूर्वजांपैकी कुणीतरी या जनुकामुळे मलेरियातून वाचले असावे, आणि तिच्या जोडीदाराने लग्नाआधी एकदा रक्त तपासून घ्यावे. ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते.