स्टेपलची रेघ आणि एक ग्रॅम औषध

वजन घटवण्यासाठीच्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा जवळपास तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. स्टेपलर एकाच दाबात कापतो आणि दोन्ही कडांना टायटॅनियमच्या बारीक टाचण्यांच्या रांगा मारतो. खालच्या बाजूला जठराची भिंत जाड, वर पातळ, म्हणून सर्जन मध्येच कार्ट्रिज बदलून मागतात. रक्त येतं ते बहुधा याच रेघेवरून. धार क्वचितच, पण टाचणीच्या बुडाशी लाल ठिपका उगवतो, फुगतो आणि ओघळतो. भूलतज्ज्ञ म्हणून मी तो दुर्बिणीच्या पडद्यावर पाहत असते.

स्टेपलर चालण्याआधीच मी ट्रानेक्सॅमिक ॲसिड सुरू करते. पाचशे मिलिग्रॅमच्या दोन कुप्या सलाइनमध्ये, दहा मिनिटांत. घाईने ढकललं तर रक्तदाब पडतो. हे औषध गुठळी तयार करत नाही. जखमेवर फायब्रिनचं जाळं विणलं जात असतानाच शरीर ते विरघळवायलाही लागतं. ते विरघळवणं हे औषध रोखतं. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने ते शोधलं, १९६२ साली प्रसिद्ध केलं. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने बायका मरू नयेत, ही उताको यांची तळमळ होती. इतकं स्वस्त औषध आज इतक्या ठिकाणी जीव वाचवतं, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

पण लठ्ठ रुग्णाच्या पायात गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याची भीती मुळातच जास्त. त्यासाठी आम्ही पायांना हवेचे पट्टे बांधतो, पुढे हेपारिनही देतो. “एकीकडे रक्त पातळ करता, दुसरीकडे हे?” असं नातेवाईक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पॉइज-३ या २०२२च्या अभ्यासात, हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांच्या साडेनऊ हजारांवर रुग्णांत, मोठा रक्तस्राव ११.७ टक्क्यांवरून ९.१ वर आला. गुठळ्यांबाबत मात्र औषध निर्धोक असल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही. म्हणून आधी गुठळी झालेल्या किंवा फिट येणाऱ्या रुग्णाला मी ते सरसकट देत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा घटवते.

शेवटी सर्जन पोटातल्या वायूचा दाब उतरवतात, मी रक्तदाब थोडा चढवते. दबून राहिलेली रक्तवाहिनी तेव्हाच बोलते. ठिपका दिसलाच तर क्लिप किंवा टाका. तिथे औषधावर भिस्त ठेवायची नाही. रात्री नाडी शंभरावर चढू लागली तर लगेच फोन करा, असं मी वॉर्डातल्या सिस्टरना बजावून जाते.