पाऊस वाढला की डोंगराकडे बघणारं पोर

बसमध्ये ऐकताना रेंज गेली असेल, तर आजचा एपिसोड इथे वाचून घ्या.

22 जुलै 2021. महाड शहरात सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलेलं. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली, 80 हून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. तेव्हा पहिली-दुसरीत असलेली पोरं पुढची कित्येक वर्षं वर्गात बसणार होती, दर पावसाळ्यात.

आता वर्ग डोळ्यांसमोर आणा. पत्र्यावर पाऊस वाजतोय. एक मुलगा फळा सोडून डोंगराकडे बघतोय. मग म्हणतो, पोटात दुखतंय, घरी जाऊ? सर म्हणतात, "नाटकं नकोत."

नाटक नसतं ते. मेंदूने पावसाचा आवाज आणि धोका एकत्र साठवलेला असतो. आवाज आला की अलार्म वाजतो, छाती धडधडते, पोटात खरंच कळ येते. सगळ्याच मुलांना हे होत नाही, बरीचशी हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही झोप, खेळ, अभ्यास बिघडलेलाच असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

गंमत बघा, तोच त्रास असलेला दुसरा मुलगा मारामाऱ्या करतो, त्याला 'वाया गेलेला' म्हणतात. आणि तिसरी मुलगी गप्पगप्प होते, तिला 'किती शहाणी' म्हणतात! मला तर ही शाबासकीच जास्त घातक वाटते, कारण त्या मुलीकडे मग कुणी बघतच नाही.

शिक्षकांची बाजूही आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरा. "मी काय डॉक्टर आहे का?" हा प्रश्न रास्त आहे. पण निदान करायला कोण सांगतंय? सगळ्यांसमोर उभं न करता बाजूला घेऊन "पाऊस जोरात आहे, बरं वाटतंय ना रे?" एवढं विचारायचं. खिडकीपासून लांब बसवायचं. पालकांशी 'वेड' हा शब्द न काढता बोलायचं. मारणं आणि मानसिक छळ तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नेच बंद केलाय.

टेली मानसचा 14416 मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. शिक्षकांनीही लावावा. वरच्या वाड्यांत रेंज मिळाली तर, हेही आहेच म्हणा.